बोर्डाबरोबर सती गेलेली विंडोज

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

गेल्या आठवड्यात माझ्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, गेला. लग्नसराई तोंडावर, अकरा पत्रिका अर्धवट आणि मशीन ढिम्म. उघडलं तर बोर्डाच्या एका कोपऱ्यात काळा डाग आणि जळका वास. 2019 चा बोर्ड, तसला आता मिळेना. मग बोर्ड, प्रोसेसर, रॅम नवीन घेतलं. कॅबिनेट, एसएसडी, मॉनिटर जुनंच. अक्षरं पुसलेला कीबोर्डसुद्धा तोच.

आज दुकानातून मशीन आणायला गेले. चालू केलं तर स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरं: 'ॲक्टिव्हेट विंडोज'.

दुकानदार म्हणाला, "ताई, विंडोजचं नवीन लायसन्स लागणार. बोर्ड बदललाय ना."

"अहो, 2019 ला तुमच्याकडूनच घेतलंय, बिलासकट."

"ते बोर्डाबरोबर गेलं."

गेलं म्हणजे? सती गेलं? आईच्या शिलाई मशीनला मोटर बसवली, शटल बदललं, पट्टे तर किती झाले याची गणती नाही. म्हणून ते आईचं राहिलं नाही की काय?

वर आवाज खाली करून म्हणतो, "सातशेत 'की' टाकून देतो, काही होत नाही." (की म्हणजे लायसन्सचा कोड.) म्हणजे विकत घेतलेलं बुडालं आणि आता चोरीचं वापरा!

बाजूला एक निवृत्त गुरुजी होते. त्यांचाही बोर्ड बदललेला, त्यांनाही हेच सांगितलेलं. त्यांनी एक शब्द न बोलता पाकिटातून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि विचारलं, "पक्की पावती मिळेल ना?" मला तिथेच कसंतरी झालं. पण पत्रिकांच्या घाईत मी मशीन उचललं आणि निघाले.

घरी येऊन माळा उपसला. आकाशकंदिलाच्या मागे विंडोजचा तो खोका सापडला (खोका म्हटल्यावर हसू नका). आत पेनड्राइव्ह आणि 25 अक्षरांची 'की'. भाचा म्हणाला, "मावशी, हे तर रिटेल आहे!"

मला आज कळलं ते असं. लायसन्स मुख्यतः दोन तऱ्हेचं. ओईएम, म्हणजे तयार मशीनबरोबर येतं ते, पहिल्या बोर्डाला बांधलेलं. बोर्ड बदलला की संपलं. वॉरंटीत कंपनीनेच खराब बोर्ड बदलून दिला तर मात्र ती दुरुस्ती धरतात, लायसन्स राहतं. रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं, ते मालकाचं. एका वेळी एकाच मशीनवर चालवायचं, पण जुन्यावरून काढून नव्यावर नेता येतं. विंडोज 10 वरून 11 वर मी फुकटात गेले होते, तरी हक्क त्या खोक्यातलाच.

भाच्याने सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशन उघडलं, ट्रबलशूट दाबलं, माझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने आत गेला. 'नुकतंच हार्डवेअर बदललंय' असा पर्याय तिथेच आहे. 2016 पासून आहे म्हणे! यादीतून माझं जुनं मशीन निवडलं, फिकट अक्षरं गायब. चहा निवायच्या आत. माझं लायसन्स अकाउंटला आधीच जोडलेलं होतं म्हणून जमलं. बोर्ड मेल्यावर जोडायला गेलात तर ही वाट बंद, मग ती 25 अक्षरांची 'की' शोधत बसा.

आणि आपलं कुठलं ते बघायचं असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, एसएलएमजीआर, एक जागा, तिरकी रेघ, डीएलआय असं इंग्रजीत (slmgr /dli) टाइप करा. चौकट येते, त्यात रिटेल की ओईएम ते लिहिलेलं असतं. एवढं दुकानदाराला येत नसेल? त्याच्याच दुकानातला तो खोका!

मान्य, एक लायसन्स घेऊन दहा मशीनवर चालवणारे आपणच आहोत, तेव्हा कंपनीने कुठेतरी बांधून ठेवायलाच हवं. ओईएम स्वस्त पडतं, हेही मान्य. आणि हाच माणूस परवा रात्री नऊपर्यंत माझ्या मशीनपाशी बसला होता. वाईट नाहीये तो. त्यालाही कुणीतरी 'बोर्ड गेला की लायसन्स गेलं' एवढंच शिकवलं असेल.

पण निदान विचारायचं तरी, की ताई, तुमचं कुठलं होतं? गुरुजींचं ओईएम असेलही, मग दुकानदाराचं बरोबर. पण बघितलं का कुणी? आणि मी? बाजूला उभी राहून नोटा मोजताना बघत होते.

खोका आता माळ्यावर नाही. सातबारा आणि गॅसच्या पुस्तकाशेजारी कपाटात आहे.

गुरुजींचं नाव विचारायचं राहिलं. विश्रामबागच्या बाजूचे असावेत. पांढरा शर्ट, जुनी स्कूटर, हँडलला कापडी पिशवी. सांगलीकरांपैकी कुणी ओळखत असाल तर आज रात्रीच फोन करा आणि म्हणावं, नव्या लायसन्सचं पाकीट फोडलं नसेल तर थांबा, आधी जुनं बिल शोधा. माझा भाचा रविवारपर्यंत इथेच आहे.