किनारा तीनशे मीटरवर आहे

उजव्या गुडघ्यावर खपली धरली आहे आणि डाव्या कानात अजून वाळू आहे. दोन दिवस झाले. मान वाकडी करून कान झटकला की चिमूटभर पडते आणि आत तेवढीच शिल्लक राहते. हे सगळं ज्या प्रवासात झालं, त्याचं एकूण अंतर तीनशे मीटर होतं.

आम्ही शिडाच्या बोटीवर राहतो. बोट 12 मीटर लांब, माणसं चार: मी, नवरा आणि दोन मुलं. लोकांना वाटतं, काय मजा, यांच्या तर अंगणातच समुद्र! अंगणात आहे, कबूल. पण या अंगणाला फाटक नाही. बोटीचा तळ खोल, ती किनाऱ्याला लागत नाही. म्हणून बोट लांब नांगरायची, रबरी होडी पाण्यात सोडायची, तिच्यावर इंजिन चढवायचं आणि सगळा संसार पिशव्यांत कोंबून खाली उतरवायचा. यातली पहिली तीन कामं नवरा करतो आणि त्यांना दर्यावर्दीपणा म्हणतात. चौथं मी करते. त्याला 'अगं, झालं का?' म्हणतात.

त्या दिवशी मुलं सकाळी सातला म्हणाली, "किनाऱ्यावर जाऊ या." आम्ही साडेनऊला निघालो. मधले अडीच तास कुठे गेले ते सांगते. होडीत एकदा बसलं की परत फिरणं नाही, म्हणून आधी सगळ्यांना शौचाला पाठवायचं. आमचं शौचकूप हातपंपाचं. प्रत्येकानं वीसदा दांडा हलवायचा आणि धाकट्यानं अकरावर थांबून 'झालं वीस' म्हणायचं. मग टोप्या. मग एक टोपी. मग ती टोपी शोधणं. मग उन्हाचं मलम. ते दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं. आता तयारीच दोन तासांच्या वर चालते, म्हणजे थोरलीला लावून धाकट्याला धरून आणून त्याला लावून होडीत बसेपर्यंत थोरलीची मुदत संपलेली असते.

याच वेळात नवरा पुढच्या डेकवर उभा राहून नांगराच्या साखळीकडे बघत असतो. पाणी 6 मीटर खोल, साखळी 30 मीटर सोडलेली, म्हणजे पाचपट. हिशोब बरोबर आहे. काल रात्रीही बरोबर होता. पण बघितल्याशिवाय निघता येत नाही आणि बघताना पिशव्या उचलता येत नाहीत.

मला राहून राहून जोशुआ स्लोकमचा हेवा वाटतो. 1895 ते 1898 या काळात या गृहस्थानं शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि असं करणारा तो पहिलाच. जग त्याच्या धाडसाचं कौतुक करतं. मी त्यातल्या 'एकट्यानं' या शब्दाचं करते. त्याला तीन वर्षांत कुणी विचारलं नाही की माझी निळी बादली कुठाय. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला रात्री कुणी बोटीवर चढू नये म्हणून तो डेकवर गालिच्याचे बारीक खिळे टोकं वर करून पसरून झोपायचा, असं त्यानंच लिहून ठेवलंय. आमच्याकडे तीच व्यवस्था खेळण्यातल्या ठोकळ्यांनी रोज आपोआप होते.

तर निघालो. तीनशे मीटरांतले दोनशे ऐंशी मजेत गेले. शेवटच्या वीसांत लाटा फुटत होत्या. तिथे थांबून लाटा मोजायच्या, मोठी जाऊ द्यायची आणि तिच्या पाठीवरून आत शिरायचं. होडी लाटेला आडवी झाली की कारभार आटोपला. नवऱ्यानं इंजिन वर उचललं, मला म्हणाला, "वल्हं मार." मी मारलं. थोरली म्हणाली, "आई, दुसरीकडून." मी दुसरीकडून मारलं. होडी आडवी झाली.

मुलं टुणकन उडी मारून बाहेर. नवरा कमरेइतक्या पाण्यात उभा, रुबाबात. मी मात्र दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे टेकून, केसांचं शेवाळ करून जमिनीला लागले. वर बघितलं तर समोर घडीची खुर्ची, खुर्चीत एक काका, काकांच्या गळ्यात दुर्बीण.

"नऊ छप्पन," काका घड्याळात बघून म्हणाले. "आज उशीर केलात. सकाळपासून बघतोय. वहिनी, तो निळा टॉवेल चौथ्यांदा आत नेलात तेव्हाच मी म्हटलं, हे काही साडेनऊच्या आत निघत नाहीत."

मी तोंडातली वाळू थुंकली. उठवायला हात मिळेल असं वाटलं होतं. काका उठले, माझ्या शेजारून पाण्यात गेले आणि तरंगणारा खाऊचा डबा उचलून आणला. हलवून बघितला. "आत पाणी नाही गेलेलं," म्हणाले आणि तो स्वतःच्या खुर्चीखाली सावलीत ठेवला.

"तुम्ही राहता कुठे?"

"बोटीवर."

"हो, ती दिसतेय. पण राहता कुठे?"

"काका, तिथेच राहतो."

"म्हणजे सुट्टीत."

"नाही, नेहमी."

"मग सुट्टीत कुठे जाता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी जरा विचार केला. "आंघोळीचं काय?" मी सांगितलं, टाकीत 400 लिटर पाणी, माणसं चार, पुरवायचं 20 दिवस. काकांनी बोटांवर भागाकार केला. "माणशी पाच लिटर! स्वयंपाकासकट?" स्वयंपाकासकट. काका खुर्ची वीतभर मागे घेऊन बसले.

"पण मला एक कळत नाही," ते पुढे म्हणाले. "चोवीस तास पाण्यातच असता ना? मग ही पाण्याकाठची सहल कशाला?"

आता हे कसं सांगायचं? की मुलांना पळायचं असतं आणि बोटीवर पळण्याची सगळ्यात लांब सरळ रेषा नऊ पावलांची आहे, तीही डोलकाठी आडवी येईपर्यंत. की मलाही हलत नसलेल्या जमिनीवर बसायचं असतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात काका म्हणाले, "बरं, वल्हं तुम्ही चुकीच्या बाजूनं मारलंत."

आणि माझा नवरा, ज्याच्याबरोबर मी माणशी पाच लिटरमध्ये संसार करते, तो मागून येत म्हणाला, "तेच मी म्हणत होतो."

मी त्यावर तेव्हा काही बोलले नाही. अजूनही बोललेले नाही. नवऱ्याला वाटतंय विषय संपला.

पुढचे चार तास दोघं शेजारी शेजारी बसले. दर दहा मिनिटांनी नवरा उभा राहून बोट जागेवर आहे का बघायचा, काका दुर्बीण लावून 'आहे' असा दाखला द्यायचे. बोट हलली नाही. हलला तो समुद्र. आम्ही भरतीला आलो होतो, आणि ओहोटीचं पाणी सहा तास सारख्या वेगानं उतरत नाही. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. त्या दोन तासांत नवरा वल्हं कसं मारावं हे वाळूत काठीनं काढून दाखवत होता. मी मुलांना पुन्हा मलम फासत होते. निघायची वेळ झाली तेव्हा होडी जिथल्या तिथे होती, पाणी मात्र साठ पावलांवर.

इंजिनासकट ती होडी उचलायला चौघं लागतात. आमच्यातली दोघं लहान. काका मदतीला धावले. चपला भिजायला नकोत म्हणून काढून आमच्याच होडीत ठेवल्या आणि 'एक, दोन, तीन' म्हणाले. दर तिसऱ्या पावलाला म्हणाले. आकडे त्यांनी उचलले, होडी आम्ही.

होडीत बसण्याआधी प्रत्येकाचे पाय बाटलीतल्या गोड्या पाण्यानं धुवायचे हा माझा नियम. वाळू एकदा बोटीत शिरली की अंथरुणात जाते आणि तळातल्या पंपातही जाते. मिठाचं तर विचारू नका. खारा टॉवेल दिवसभर दोरीवर कडकडीत वाळतो आणि रात्री हवेतली ओल ओढून पुन्हा सादळतो, आणि धुवायला पाणी असतं कुणाकडे? तर दोन लिटरची बाटली मी जपून आणली होती. काकांनी ती घेतली, स्वतःचे पाय धुतले, "बरं झालं आणलंत" म्हणाले आणि रिकामी करून परत दिली.

धाकट्यानं होडीतून त्यांची चप्पल काढून दिली. लाट आली, आम्ही निघालो. या वेळी वल्हं नवऱ्याकडे होतं. होडी आडवी झाली नाही, हे त्यानं बोटीला लागेपर्यंत तीनदा सांगितलं.

संध्याकाळी पिशव्या उपसताना तळाशी एक तपकिरी चप्पल निघाली. उजव्या पायाची. धाकटा शांतपणे म्हणाला, "मी एकच दिली. काका एकदाच 'दे' म्हणाले."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर एक बिंदू दिसतो. आमच्याकडेही दुर्बीण आहे. खुर्ची तीच. काका मधूनच उभे राहतात, हातात डावी चप्पल धरून डोक्यावर हलवतात आणि मग घड्याळ बघतात. नवरा म्हणतो, बिचारे वाट बघतायत, नेऊन दे. मी म्हटलं, नेते ना. आधी निळा टॉवेल सापडू दे.