दशकाच्या आकड्यात अ‍ॅपॉस्ट्रॉफी कुठे?

इंग्रजीत दशक लिहिताना आकडा आणि ‘एस’ यांच्यामध्ये अ‍ॅपॉस्ट्रॉफी, म्हणजे वर उचललेल्या स्वल्पविरामासारखं चिन्ह, हवाच, १९८०’एस हेच शुद्ध, असा एक संदेश विद्यार्थ्यांच्या गटांतून फिरतो आहे. मुलं तो पाठ करताहेत, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘आकड्याचं अनेकवचन असंच होतं.’ नाही. अ‍ॅपॉस्ट्रॉफीची मुख्य कामं दोन: मालकी दाखवणं आणि गाळलेल्या अक्षरांची जागा दाखवणं. १९८० ते १९८९ या वर्षांच्या गटात मालकी नाही आणि काही गाळलेलंही नाही. शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल ही अमेरिकी लेखन-नियमपुस्तिका आणि असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था, दोघांचीही पद्धत १९८०एस अशीच आहे. सुट्या छोट्या अक्षरांच्या अनेकवचनात हे चिन्ह चालतं, कारण ‘आय’ला नुसता ‘एस’ लावला तर ‘इज’ वाचलं जाईल. आकड्यांत असा घोटाळा होतच नाही.

‘जुन्या पुस्तकांत, वर्तमानपत्रांत असंच छापलंय.’ हे खरं आहे. न्यूयॉर्क टाइम्ससुद्धा कित्येक वर्षं १९८०’एस छापत असे. पुढे त्यांनीच ते सोडलं. तेव्हा जुन्या पिढीच्या लेखनाला कुणी अडाणी म्हणू नये. पण पूर्वी चालत होतं, म्हणून आज तेच एकमेव शुद्ध ठरत नाही.

‘थोडक्यात लिहायचं तर ८०’एस.’ इथे चिन्ह लागतं, पण आकड्याच्या आधी: ’८०एस. गाळलेत ते सुरुवातीचे १९. टंकताना मात्र जपा. आकड्याआधी हे चिन्ह दिलं की बहुतेक सॉफ्टवेअर त्याला सुरुवातीचं अवतरणचिन्ह समजून उलटं वळवतात. आपल्याला हवा वर उचललेला स्वल्पविराम. चिन्ह दोनदा टंका आणि पहिलं खोडा, दुसरं बरोबर वळणाचं उरतं.

मालकीची गोष्ट वेगळी. १९८३ या एका वर्षाचा विश्वचषक विजय म्हणायचं असेल, तर १९८३’एस अगदी बरोबर. संपूर्ण दशकाचं संगीत म्हणायचं असेल, तर १९८०एस’, म्हणजे चिन्ह ‘एस’च्या नंतर.

संदेशाच्या शेवटी ‘मराठीतही १९९०’च्या असं लिहा’ अशी पुस्ती आहे. ती तर अजिबात मानू नका. आपल्याकडे प्रत्यय थेट जोडला जातो: १९९०च्या दशकात.