पोस्टर चिकटवायला पदवी कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(पुतणीचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून काका.) तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आरोग्यशिक्षण म्हणजे पोस्टरं, पथनाट्यं आणि हॉटेलातल्या कार्यशाळा. तोच पैसा डॉक्टर आणि औषधांवर घाला. आणि पुतणीनं 'सोशल चेंज स्ट्रॅटेजी' असल्या भपकेबाज नोकरीच्या नादी लागू नये.

नावावरून भांडत नाही, भपकेबाज आहेच. कार्यशाळांनाही मी बसलोय. जेवण सोडलं तर लक्षात राहील असं तिथे फारसं काही नसतं.

पण औषध पोचवलं की काम झालं, हे काही पटत नाही. पोलिओचं बघा. उत्तर प्रदेशात डोस फुकट, तोही दारात. तरी मुरादाबादकडे कित्येक दारं उघडत नव्हती. पोरांना डोस मिळाला की घरावर खडूनं 'पी', कुणी राहिलं की 'एक्स'. एक्सपुढे आणखी एक अक्षर असायचं, आणि खरी गंमत त्यात होती: मूल आजारी असलं तर 'एस', घरच्यांनी नकार दिला तर 'आर'. 'आर'च्या घरी तेच पथक पुन्हा पाठवून काय होणार? तिथे मोहल्ल्यातली ओळखीची बाई जायची, गरज पडली तर मौलवींना सोबत घेऊन. थेंबांनी नसबंदी होते ही अफवा होतीच, पण लोकांचा राग वेगळाही होता: गटारं तुंबलेली, साध्या तापाला गोळी नाही, आणि हे लोक सारखे थेंबच घेऊन येतात! मग मोहिमेला आरोग्य शिबिरांची जोड मिळाली, जुलाबासाठी ओआरएस आणि झिंक आलं, स्वच्छ पाण्याचा विषय आला. म्हणजे तुमचाच मुद्दा, काका. फक्त तो दारोदार ऐकून वरपर्यंत पोचवायला माणसं लागली. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला हावड्यात सापडला.

आणि डॉक्टरच नसेल तिथे? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं सुइणींसाठी श्वास मोजायचं साधन केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मोठे आकडे न येणाऱ्या बाईलाही बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा, एवढ्यासाठी. पुढे गावातल्याच बायकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, गरज पडली तेव्हा इंजेक्शनंही दिली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले: हे काम नसलेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी. याला शिक्षण म्हणायचं की उपचार, तुम्हीच ठरवा.

पुतणीची काळजी करायचीच तर वेगळ्या कारणानं करा. नोकऱ्या बहुतेक कंत्राटी, प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. मुलाखतीत तिला एवढं विचारायला सांगा: पहिलं वर्ष गावात काढायचं की लॅपटॉपसमोर? लॅपटॉप म्हणाले, तर मीही तुमच्याच बाजूनं आहे.