गावाची बदनामी आणि मुलांचे फोटो

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय चाललाय. गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका सरांनी सातवीच्या मुलांना स्वतःचा मोबाइल देऊन ‘माझं गाव’ या विषयावर फोटो काढायला लावले. मुलांनी देऊळ काढलं, बैल काढले आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचं कडी नसलेलं दारही काढलं. तो शेवटचा फोटो गावभर फिरला आणि लोक सरांच्या मागे हात धुऊन लागले. आधी पाढे शिकवा म्हणे. पोरांच्या हातात मोबाइल कशाला म्हणे. आणि सगळ्यांत मोठा आरडाओरडा, गावाची बदनामी झाली! मी सरांची बाजू घेतली, तर चुलतभावाने सुनावलं, ‘दादा, तुम्ही तिकडे बसून बोलू नका.’

मग तिकडचंच सांगतो. मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डरहॅम शहरात राहतो. इथे १९९० च्या सुमारास वेंडी इवाल्ड या छायाचित्रकार बाईंनी ड्यूक विद्यापीठाच्या साथीने सरकारी शाळांतल्या मुलांच्या हाती कॅमेरे दिले. विषय साधेच: मी, माझं घर, माझी वस्ती, माझी स्वप्नं. फोटो काढायचा आणि त्यावर लिहायचं. चार ओळी लिहायला कंटाळणारं पोर स्वतः काढलेल्या फोटोबद्दल पानभर लिहितं, हे पाढेवाल्यांनी जरा ध्यानात घ्यावं. १९९२ मध्ये शहराच्या आणि काउंटीच्या, म्हणजे भोवतालच्या जिल्ह्याच्या, शाळा एकत्र झाल्या, काळी-गोरी मुलं नव्याने एका छताखाली आली. तेव्हा बाईंनी मुलांना सांगितलं, एकदा स्वतः म्हणून कॅमेऱ्यासमोर उभे राहा आणि एकदा दुसऱ्या वर्णाचे होऊन. मुलांनी त्या निगेटिव्हवर खरवडून, रेघोट्या मारून आपापलं म्हणणं उमटवलं. वर्णाबद्दल मोठी माणसं जे बोलत नव्हती, ते पोरांनी मांडलं. डरहॅमची बदनामी झाली असं मला तरी इथे कुणी म्हणालेलं नाही.

‘आपल्याकडे हे चालत नाही’ हेही ऐकवू नका. याच बाईंनी गुजरातेतल्या एका खेड्यातल्या मुलांनाही फोटो काढायला शिकवलं होतं.

आपल्या शाळांतल्या मुलांचे फोटो एरवी कोण काढतं? आमच्या इथल्या मंडळाने गावाला दप्तरं पाठवली, त्याचा फोटो माझ्याकडे आहे. एका दप्तराला पाच मोठ्या माणसांचे हात लागलेत. पाचही जण कॅमेऱ्याकडे बघताहेत, मागे बॅनर, आणि मधली मुलगी मान खाली घालून दप्तराची चेन बघतेय. तिचं नाव बॅनरवर नाही, खालच्या मजकुरातही नाही. त्या फोटोने कुणाची बदनामी झाली नाही. तिने कडीचा फोटो काढला की मात्र होते!

मीही गावी गेलो की फोटो काढतो. वाड्याची चौकट, विहीर, चुलीवरची भाकरी. इथे दिवाणखान्यात ते लावलेत, येणारे-जाणारे कौतुक करतात. खरं सांगायचं तर मला गाव हल्ली आठवणीतल्यासारखंच दिसतं, आणि फ्रेममध्येही मी तेवढंच घेतो. सातवीच्या पोरांना ते आज आहे तसं दिसतं, कारण त्यांना रोज तिथे राहायचंय. चुलतभाऊ मला बाहेरचा म्हणतो ते यासाठीच लागतं. पण त्या शाळेत माझी धाकटी बहीणही होती. शाळा सुटेपर्यंत ती पाण्याचा घोट घ्यायची नाही, आणि का, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून आजपर्यंत त्या दाराबद्दल ग्रामसभेत एक अक्षर निघालेलं नाही. मुलांच्या एका फोटोने ते निघालं.

म्हणून ग्रुपवर लिहिलंय ते इथेही लिहितो. मुलांचे सगळे फोटो, देवळाचे आणि बैलांचेसुद्धा, मोठे छापून ग्रामपंचायतीत लावा. खाली काय लिहायचं ते मुलांना ठरवू द्या आणि प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्याचं नाव घाला. छपाईचे पैसे मी पाठवतो. बॅनर नको.