फ्रीजरमधला बर्फ काढू नका म्हणणारा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार जणांकडून आला, सोसायटीच्या ग्रुपवर, मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर, मावशीकडून आणि परवा तर दूधवाल्या काकांनी पण पाठवला. त्यात म्हटलंय की फ्रीजरमध्ये साचलेला बर्फ काढू नका, तो गारवा धरून ठेवतो म्हणून लाईट बिल कमी येतं. काढायचाच असेल तर मीठ टाका आणि उलथन्याने खरवडा. परत साचू नये म्हणून आतून ग्लिसरीन लावा. आणि तरीही साचला तर गॅस जास्त भरलाय, मेकॅनिकला बोलवा. यातलं एकही जसंच्या तसं करण्यासारखं नाही आणि एक तर सरळ धोक्याचं आहे, म्हणून काम बाजूला ठेवून लिहितेय.

आधी बिलाचं. आपल्याकडच्या सिंगल डोअर फ्रीजमध्ये वरचा जो फ्रीजरचा डबा असतो ना, तोच कुलिंग कॉईल असतो, ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे एकमेकांना चिकटवलेले आणि त्यांच्या मधूनच गॅस फिरायच्या वाटा. आतल्या सामानाची उष्णता त्या पत्र्यातूनच ओढून घेतली जाते. आता त्या पत्र्यावर बोटभर बर्फ बसला की काय होणार? घट्ट बर्फातून उष्णता जितकी जाते त्याच्या साधारण १०० पट ॲल्युमिनियममधून जाते, आणि फ्रीजरमधला पांढरा भुसभुशीत बर्फ तर हवेने भरलेला, म्हणजे चक्क रजईच. कॉम्प्रेसर बिचारा चालूच राहतो आणि खालच्या कप्प्यातलं दूध मात्र पाहिजे तेवढं गार होत नाही. लहान बोटींवरचे बरेच फ्रीज बॅटरीवर चालतात, तिथे बर्फ वाढला की बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे ती माणसं थर वाढूच देत नाहीत. आपल्याला तेच नुकसान महिन्याच्या बिलात मुरून येतं म्हणून दिसत नाही इतकंच. थर ५-६ मिलिमीटरचा झाला की डीफ्रॉस्ट करायचं, साधारण करंगळीच्या नखाच्या निम्म्याहून जास्त झाला की.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती मान्य करते. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो, म्हणजे लाईट गेल्यावर बर्फाचा उपयोग होतोच. पण त्यासाठी १-१ लिटरच्या दोन बाटल्या पाऊण भरून फ्रीजरमध्ये ठेवा, लाईट गेली की एक खाली दुधाशेजारी सरकवा. तोच गारवा मिळतो, आणि पत्रा मोकळा राहतो.

आता उलथनं. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण हे आमच्या घरात झालंय. आत्याकडे, सदाशिव पेठेत, मटारच्या पिशव्या बर्फात अशा रुतल्या होत्या की निघेनात, घरी पाहुणे येणार, घाई. तिने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दोन-तीन टोचे मारले, आणि एकदम फुस्स असा आवाज आला. मोजून काही सेकंद. पत्र्यावर मोहरीएवढंसुद्धा भोक नव्हतं, बोट फिरवल्यावर नुसतं खरखरीत लागत होतं, पण गॅस गेला होता. मेकॅनिक म्हणाला, कॉईल पंक्चर आहे काकू, बदलावा लागेल, परत गॅस चार्जिंग वेगळं. आणि नुसता खर्च नाही हो, आता बऱ्याच नवीन फ्रीजमध्ये आर-६००ए गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन, तो पेट घेतो. असतो शंभर ग्रॅमपेक्षाही कमी, पण बंद स्वयंपाकघरात शेजारी शेगडी चालू असेल तर? असा आवाज आलाच तर शेगडी बंद करा, खिडक्या उघडा, आणि आतली हवा बाहेर जाईपर्यंत कुठल्याही बटणाला हात लावू नका, फ्रीजच्या प्लगलासुद्धा नाही. त्या गॅसला वास येत नाही बरेचदा, तेव्हा वासाची वाट बघत बसू नका.

मग काढायचा कसा, तर काही न खरवडता. पुण्यात बऱ्याच भागांत गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते, मी तोच दिवस धरते. आदल्या दिवशी फ्रीजर रिकामा होत आणायचा, सकाळी प्लग काढायचा, दार उघडं, आत कढत पाण्याचं पातेलं एका जाड फडक्यावर, आणि दर वीस मिनिटांनी पाणी बदलायचं. तासाभरात थराच्या कडा सुटतात आणि अख्खी ढलपी हातात येते. हेअर ड्रायर नको, ओल्या जागी वीज कशाला.

मीठ टाकल्याने बर्फ वितळतो हे खरंय. पण ते खारं पाणी ॲल्युमिनियमवर राहिलं की त्याला बारीक बारीक खड्डे पडत जातात, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने जे एका मिनिटात होतं ते मीठ सावकाश करतं.

ग्लिसरीनने बर्फ सुटायला थोडा सोपा जातो, बस. साचायचा थांबत नाही.

कारण बर्फ पत्र्यातून येत नाही, हवेतून येतो. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत जाते आणि तिच्यातली वाफ पत्र्यावर गोठते. म्हणूनच तो गॅसचा मुद्दा पण टिकत नाही. आमच्या एकाच फ्रीजमध्ये, तोच गॅस असताना, एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात महिनाभर थर नावाला असतो आणि जुलैत पावसाची झड लागली की दहा-बारा दिवसांत पत्रा दिसेनासा होतो. उघडं वरण, गरम भात, झाकण नसलेली पातेली, हे सगळं आत वाफ सोडतं. आणि दाराचं रबर बघा, दहाची नोट दारात अडकवून ओढा, सहज निघाली तर तिथून हवा शिरतेय. आधी साबणाच्या पाण्याने रबर पुसा, बऱ्याचदा नुसता चिकटा असतो.

मेकॅनिकला बोलवायची वेळ दोनदाच येते. एक, बर्फ एकाच कोपऱ्यात आणि बाकी पत्रा कोरडा, तेव्हा गॅस कमी झालेला असू शकतो, जास्त नाही. दुसरं, डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये जाड बर्फ दिसला तर, कारण त्यात बर्फ वितळवायला हीटर असतो आणि तो किंवा त्याचा सेन्सर गेलेला असू शकतो.

वितळलेलं पाणी फ्रीजरखालच्या ट्रेमध्ये पडतं, काही मॉडेलमध्ये मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये. तो मागचा ट्रे त्याच दिवशी ओतून घासून कोरडा करा, डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतात आणि पावसाळ्यात तिकडे कुणाचंच लक्ष जात नाही.