‘जुने गेम चालतील का?’ असं विचारू नये

नवा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, घ्यायला गेलेली काही माणसं अजूनही एक अडाणी प्रश्न विचारतात. ठाण्यात राम मारुती रोडवर विचारतात, वाशीच्या सेक्टर सतरात विचारतात, मॉलच्या एसीत उभं राहूनही विचारतात: “दादा, यात आमचे जुने गेम चालतील ना?” काउंटरवरचा मुलगा मग त्यांच्याकडे जसं बघतो, तसं आपण लग्नाच्या हॉलमध्ये घरून डबा घेऊन आलेल्या पाहुण्याकडे बघतो. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून हा प्रपंच.

त्यातून तुम्ही ठाणेकर असाल तर तुमची सवय आधीच बिघडलेली आहे. ती रेल्वेनं बिघडवली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली, तेव्हा रुळांमधलं अंतर साडेपाच फूट होतं, म्हणजे १६७६ मिलिमीटर. आजची लोकलही त्याच मापावर धावते. पुढे मध्य रेल्वेनं १५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर जायचं ठरवलं, तेव्हा तर हद्द झाली. दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या आणि काम पुरं होईपर्यंत त्या वर्षानुवर्षं पळवल्या. धंद्याची अक्कल असती तर मध्येच कुठेतरी सगळ्यांना खाली उतरवून सांगितलं असतं, “यापुढे नव्या पिढीची वीज आहे, नवा पास काढा.”

कन्सोलवाल्यांनाही ही अक्कल लगेच आली नाही. सोनीच्या प्लेस्टेशनचंच बघा. २००० सालच्या प्लेस्टेशन २ मध्ये, म्हणजे पीएस २ मध्ये, पीएस १ चा प्रोसेसर आतच बसवलेला होता. एरवी तो रिमोट आणि मेमरी कार्डाची हमाली करायचा. जुनी सीडी टाकली की मूळ नोकरीवर रुजू. २००६ च्या पीएस ३ च्या पहिल्या मॉडेलातही पीएस २ चा प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही कोंबलेल्या होत्या. म्हणजे आमची दोन विजांची लोकलच! मग खर्चाचा हिशेब झाला. पुढच्या मॉडेलात प्रोसेसर गेला, ग्राफिक्स चिप राहिली. २००७ च्या अखेरीस आलेल्या ४० जीबीच्या मॉडेलात दोन्ही गायब. इथे आपण समजूत अशी करून घ्यायची, की चिप नाही म्हणजे जुना गेम चालणं शक्यच नाही. पुढे काही वर्षांनी, चिप नसलेल्या त्याच यंत्रावर, कंपनीच्या ऑनलाइन दुकानात पीएस २ चे गेम विकायला आले आणि निव्वळ सॉफ्टवेअरच्या जोरावर चालले. तुमच्या कपाटातली डिस्क मात्र चालली नाही. ‘मग डिस्क का नाही?’ असं या ठिकाणी मनात आलं, तर घोटभर पाणी प्या आणि पुढे वाचा.

थोरामोठ्यांची मतं पाठ असली की बरं पडतं, फक्त मताखालचं साल बघून घ्यावं. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन हा कन्सोल जाहीर झाला तेव्हा त्या विभागाचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांचं म्हणणं असं, की जुन्याशी जुळवून घेणारा स्वतःच मागासलेला. नोव्हेंबर २०१५ पासून त्याच एक्सबॉक्स वनवर आधीच्या एक्सबॉक्स ३६० चे गेम चालू लागले. २०१७ मध्ये सोनीचे जिम रायन म्हणाले, ही सोय लोक मागतात फार, वापरत मात्र नाहीत. आणि पीएस १, पीएस २ चे गेम इतके जुनाट दिसतात की ते कोण खेळणार? २०२२ मध्ये, रायन अध्यक्ष असतानाच, त्या काळचे गेम कंपनीच्या सर्वांत महागड्या मासिक वर्गणीत दाखल झाले. जुनाट आणि अभिजात यांतला फरक आता तुमच्या ध्यानात आला असेल: दर महिन्याला पैसे कापले गेले की अभिजात.

तांत्रिक कारणं अजिबात नाहीत असं नाही. एक तर अगदी खणखणीत आहे, आणि म्हणूनच ते जपून वापरायला शिका. पीएस ३ चा ‘सेल’ प्रोसेसर हे भलतंच प्रकरण होतं. एक मुख्य गाभा, त्याच्या हाताखाली गेमसाठी सहा छोटे मदतनीस, आणि प्रत्येक मदतनिसाकडे स्वतःची जेमतेम २५६ किलोबाइट स्मृती. कुठला माल कधी कुणाच्या हातात द्यायचा, हे सगळं गेम लिहिणाऱ्यानं ठरवायचं. २०१३ च्या पीएस ४ मध्ये साध्या संगणकाच्या घराण्यातला, १.६ गिगाहर्ट्झचा एएमडी प्रोसेसर आला. त्याला सेलची नक्कल करायला सांगणं म्हणजे हार्मोनियमवाल्याला ढोलताशाचं पथक एकट्यानं वाजवायला लावणं. हौशी प्रोग्रामरांनी दणकट संगणकावर ती नक्कल करून दाखवली आहे, पण दणकट संगणकावर. तेव्हा पीएस ३ बाबत कंपनीची बाजू खरी. खुबी अशी, की हे कारण लागू पडतं एका पिढीला आणि काउंटरवर सांगितलं जातं सगळ्या पिढ्यांसाठी.

लेसरचंही तसंच. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० चा, ब्लू-रेला ४०५ चा. पीएस ४ आणि पीएस ५ सीडी वाचतच नाहीत, त्यामुळे पीएस १ ची काळ्या पाठीची सीडी आत टाकून उपयोग नाही, मान्य. पण पीएस २ चे बहुतेक गेम डीव्हीडीवर आहेत. पीएस ५ डीव्हीडीवरचा सिनेमा दाखवतो, गेमची डीव्हीडी दिसली की ओळख दाखवत नाही. यात आपल्याकडची एक ठेवही अडकून पडली. २००९ साली हैदराबादला तयार झालेला हनुमानाचा गेम पीएस २ साठी आला होता, मोठ्या कन्सोलवरचा अस्सल देशी गेम. हनुमानानं समुद्र ओलांडला, पिढी काही ओलांडता आली नाही. पीएस ३ च्या गेमांसाठी काही देशांत एका वर्गणीत क्लाउडवरून, म्हणजे कंपनीच्या दूरच्या यंत्रावर गेम चालवून, खेळायची सोय ठेवली आहे. भारतात वर्गणीची ती श्रेणीच नाही, इथे ‘डिलक्स’ मिळते. नावात काही कमी ठेवलेलं नाही, हे कबूल करायला हवं.

पीएस ४ वरून पीएस ५ वर जाताना मात्र जपा, कारण इथे कंपनीनं घात केला आहे: पीएस ४ चे चार हजारांहून अधिक गेम जवळजवळ सगळे चालतात. इतकं सोपं होऊ देणं बरं नाही. म्हणून पहिली गोष्ट, नवं यंत्र आलं रे आलं की जुनं ताबडतोब विका, सेव्ह केलेला खेळ बाहेर काढण्याआधीच. तो काढायला असतं काय? एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह लावायचा, सेटिंग्जमध्ये सेव्ह डेटाच्या मेनूत जाऊन कॉपी करायचा, आणि नव्या यंत्रावर त्याच खात्यानं लॉगिन करून परत घ्यायचा. दहा मिनिटांचं काम, म्हणूनच राहून जातं. दुसरी गोष्ट, पीएस ४ ला लावलेली यूएसबी हार्ड डिस्क काढून सरळ पीएस ५ ला जोडली तर त्यावरचे पीएस ४ चे गेम पुन्हा डाउनलोड न करता चालतात, ही बातमी घरात पसरू देऊ नका. सोसायटीच्या वायफायवर ऐंशी-ऐंशी जीबी ओढत बसण्यात जी तपश्चर्या आहे, ती त्यात नाही. जुना रिमोटही चालतो, पण फक्त जुन्या गेमांना. नवा गेम लावला की तो निमूट बाजूला ठेवायचा.

घरात डिस्कांचा ढीग असेल तर यंत्र बिनड्राइव्हचं घ्या. हजारो रुपये वाचतात आणि चाळीस डिस्का एका झटक्यात शोभेच्या होतात. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये ३६० ची डिस्क टाकली तर गेम डिस्कवरून चालतच नाही. डिस्क फक्त किल्लीचं काम करते आणि चालेल असा गेम इंटरनेटवरून उतरतो. तोही यादीत नाव असेल तरच, आणि २०२१ च्या नोव्हेंबरनंतर त्या यादीत भर पडलेली नाही. सिरीज एसला किल्ली घालायला भोकच नाही. निन्टेन्डोनं स्विच २ मध्ये ही कला आणखी पुढे नेली: काही कार्डांत गेम नसतोच, फक्त डाउनलोड करायची परवानगी असते. वाण्यानं तांदळाऐवजी तांदळाच्या कोठाराचा पत्ता पुडीत बांधून द्यावा, तसं.

डाउनलोड केलेला गेम आयुष्यभर आपला, या श्रद्धेला धक्का लावू नका. निन्टेन्डोच्या ३डीएस आणि वी यू या जुन्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद झालं, एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ रोजी. घेतलेले गेम अजून उतरवता येतात. ‘अजून’ या शब्दावर फार रेंगाळू नये. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि एकट्यानं खेळायचा भागही त्याबरोबर मेला, कारण तोही सर्व्हरला विचारल्याशिवाय सुरू होत नव्हता. ३१ मार्च! निदान हिशेबाचं वर्ष तरी पुरं करू दिलं.

तरीही जुनं यंत्र टाकवत नसेल, तर त्याचा निकाल घरच्या घरी लावता येतो. ठाण्या-नवी मुंबईत खाडी आपल्या मदतीला आहे. जूनच्या सुरुवातीला सगळ्या डिस्का मूळ डब्यांतून काढून मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत भरा, पाकिटं एकावर एक रचा आणि ओल येणाऱ्या भिंतीकडच्या माळ्यावर ठेवा. गणपतीपर्यंत बुरशी येते, पाकीट डिस्कला चिकटतं. डबीत उभ्या ठेवल्या, सोबत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाकल्या, तर यातलं काही होत नाही, तेव्हा ते टाळा. पुसताना गोलगोल पुसा. मधून काठाकडे सरळ रेषेत पुसलं तर ओरखडा वाचनाच्या वाटेला आडवा जातो आणि यंत्र तो सहज सावरून घेतं. गोल ओरखडा वाटेच्या बरोबरीनं लांब पसरतो आणि वाचन तिथेच अडकतं. सीडीवर बॉलपेननं, जरा दाबून, नाव लिहा. चकाकणारा थर तिथे लेबलच्या लगेच खाली असतो, चमकत्या बाजूला नव्हे, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

कॅसेटवाल्यांना वेगळं शिकवायची गरज नाही. फुंकर मारत राहा. तोंडातली वाफ तांब्याच्या पिनांवर बसते, हिरवट गंज धरतो, मग आणखी जोरात फुंकावं लागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला इअरबड दोनदा फिरवला की काम होतं, पण त्याला फुंकरीची मजा नाही. ज्या कॅसेटींत सेव्ह टिकवायला गोल बॅटरी असते, ती पंधरा-वीस वर्षांनी संपते. बदलताना जुनी काढली की सेव्ह पुसला जातो. आधी कॉपी काढायचं यंत्र मिळतं, पण ते कशाला?

पीएस २ नव्या टीव्हीला जोडायचा असेल तर बाजारातला सर्वांत स्वस्त कन्व्हर्टर आणा, पिवळी-पांढरी-लाल पिन एका बाजूला आणि एचडीएमआय दुसऱ्या बाजूला. चित्र धुरकट येतं, चार बाय तीनचं चित्र ताणून माणसं जाडी होतात, आणि बटण दाबल्यावर उडी जराशी उशिरा बसते, म्हणजे खड्ड्यात. हिरव्या-निळ्या-लाल पिनांची कम्पोनंट केबल घेऊन कन्सोलच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये व्हिडिओ आउटपुट आरजीबीवरून ‘वाय सीबी सीआर’ करायचं आणि टीव्हीवर चित्राचं प्रमाण ४:३ ठेवायचं, एवढ्यानं फरक डोळ्यांना दिसतो. बंदुकीचा गेम मात्र कशानंही चालणार नाही. ती बंदूक जुन्या डबा टीव्हीवरची इलेक्ट्रॉनची रेघ कुठल्या क्षणी कुठे होती हे बघून नेम ओळखायची. एलईडी पडद्यावर अशी रेघच नाही. हा दोष खरोखर कुणाचाच नाही, दिवाणखान्यातून डबा टीव्ही काढणाऱ्याचा सोडून. आणि सडपातळ पीएस २ चा साडेआठ व्होल्टचा अडॅप्टर हरवला असेल तर राउटरचा बारा व्होल्टचा खटपट करून बसवा. वास येईपर्यंतच वाट बघावी लागते.

सेकंडहॅण्ड पीएस ३ घेणारांनी समोरचा फोटो मागू नये. समोर चार यूएसबी दिसले तर ते सुरुवातीचं मॉडेल, पीएस २ ची डिस्क थोडीफार तरी घेणारं. दोनच असतील तर नाही. एवढ्या एका खुणेवर व्यवहाराचा निकाल लागत असेल तर घासाघीस कसली राहिली? चारवालं मिळालंच चुकून, तर आत चिपची उष्णता बाहेर नेणारी, पण आता अठरा-वीस वर्षांची वाळलेली थर्मल पेस्ट आणि पंख्यात कापसासारखी धूळ असते. ती तशीच ठेवून, टीव्हीच्या शोकेसच्या बंद कप्प्यात, मे महिन्यात, सलग चार तास चालवा. यंत्र बसल्याचा पिवळा दिवा लागला की जुन्या गेमांची भानगड मिटली.

त्यानंतर भंगारवाला. तो वजनावर घेतो आणि पिढी विचारत नाही. केबली आणि अडॅप्टर तेवढे वेगळे काढून द्या, तांब्याला भाव निराळा असतो. डिस्का तो घेत नाही. त्या गच्चीतल्या कबुतरांसाठी दोऱ्याला बांधतात, उन्हात चांगल्या चमकतात.