माल्टा, तेही फेब्रुवारीत?

"समुद्रात उतरता येणार नसेल तर बेटावर जायचंच कशाला?" मकरंदच्या या एका प्रश्नावर काल तलावपाळीच्या कट्ट्यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या, तरी उठायला कुणी तयार नव्हतं.

विषय दिलीपच्या सहलीचा. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, नवरा-बायकोला आठवडाभर कुठेतरी निवांत जायचंय. मुलगी नोकरीला लागली, त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीचं बंधन उरलेलं नाही. त्यानं भूमध्य समुद्रातलं माल्टा ठरवलंय, आणि महिना फेब्रुवारी.

"फेब्रुवारीत तिथलं पाणी 15-16 अंशांवर असतं," मकरंद म्हणाला. "पाय बुडवलेस तरी खूप झालं. शेंगेन व्हिसाची सगळी कागदपत्रं गोळा करायची, मध्ये दुबईला नाहीतर इस्तंबूलला विमान बदलायचं, आणि हे सगळं करून खोलीच्या खिडकीतून पाऊस बघायचा? पाऊस इथं फुकट मिळतो की."

माझा मुद्दा इथूनच सुरू झाला. कारण मी फेब्रुवारीतच गेलो होतो आणि परत जायचं झालं तर फेब्रुवारीतच जाईन.

म्हटलं, मक्या, माल्टाचा हिवाळा हाच तिथला पावसाळा. वर्षाचा पाऊस साधारण 550 मिलिमीटर, आणि तो बहुतेक सगळा ऑक्टोबर ते मार्चमध्ये. मुंबईत एकट्या जुलैत याहून जास्त पडतो. तिथे एक सर येते, तास-दोन तासांत ऊन पडतं. दुपारी 15-16 अंश, रात्री 10 च्या आसपास. म्हणजे चालायला याहून चांगली हवा नाही. आपला सह्याद्री मे महिन्यात करपलेला असतो आणि जुलैत हिरवागार. तिथे नेमकं उलटं. जुलैतलं माल्टा म्हणजे तपकिरी माती आणि तापलेला दगड. फोटोत फक्त पाणी दिसतं म्हणून कळत नाही.

"हिरवं म्हणजे किती हिरवं?" दिलीपनं विचारलं. त्याला झाडांचं वेड आहे.

डिंगलीच्या कड्यांकडे गेलास तर बघ, म्हटलं. समुद्रापासून अडीचशे मीटर उंच कडा, वर दगड रचून केलेल्या बांधांची छोटी छोटी शेतं, आणि बांधाच्या कडेनं सगळीकडे पिवळी फुलं. मी वाकून एक देठ तोडला, पानं बघितली, तीन पाकळ्यांची, हृदयाच्या आकाराची. देठ चावला तर आंबट. आपल्या कुंडीत न लावता उगवते ती आंबुशी आहे ना, तिचीच ही थोरली बहीण. मूळची दक्षिण आफ्रिकेची, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माल्टात आली आणि तिथून भूमध्य समुद्राभोवती पसरली. तण म्हणून तिथले शेतकरी वैतागतात, पण हिवाळ्यात बेटाचा रंगच ती बदलून टाकते. उन्हाळ्यात जाणाऱ्याला ती दिसतच नाही, कारण तोवर ती वाळून गेलेली असते.

वैशाली इतका वेळ गप्प होती. तिनं वेगळंच काढलं. "गावोगावच्या जत्रांचं काय? मी वाचलंय, तिथे प्रत्येक गावाच्या संताचा उत्सव असतो, बँड, रोषणाई, आतषबाजी. ते सगळं जून ते सप्टेंबर. हिवाळ्यात गेलं की माणसांचा जो सगळ्यात मोठा आनंद आहे तोच चुकतो."

हे खरं आहे, आणि मी ते तिथल्या तिथे मान्य केलं. हिवाळ्याच्या बाजूनं बोलणारे हे बहुधा सांगत नाहीत. पण एक उत्सव असा आहे जो हिवाळ्यातच येतो आणि मला तो सगळ्यांत अर्थपूर्ण वाटतो. 10 फेब्रुवारी. संत पॉलचं जहाज माल्टाला फुटलं त्याचा दिवस.

बायबलमध्ये 'प्रेषितांची कृत्ये' या भागात ती हकिकत आहे. पॉलला कैदी म्हणून रोमला नेत होते. हिवाळा तोंडावर आलेला, तरी जहाज हाकारलं. वादळानं पंधरवडाभर फरपटत नेलं आणि शेवटी एका अनोळखी किनाऱ्यावर जहाज फुटलं. जहाजावर 276 माणसं, सगळी वाचली. पाऊस लागला होता, थंडी होती, म्हणून बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवून सगळ्यांना जवळ घेतलं. त्या काळी हिवाळ्यात लांबचा सागरी प्रवास बंद असायचा, त्यामुळे ही मंडळी तीन महिने तिथेच राहिली आणि त्याच बेटावर हिवाळा काढलेल्या दुसऱ्या एका जहाजानं पुढे गेली. आजही त्या दिवशी माल्टाला सुट्टी असते, राजधानी व्हॅलेटाच्या अरुंद रस्त्यांतून पॉलचा लाकडी पुतळा खांद्यावरून नेतात आणि गच्च्यांवरून कागदाचे कपटे उधळतात. थंडीपावसात आलेल्या परक्या माणसाला ऊब देणं, याचा उत्सव करणारा देश मला फार आवडतो. आणि तो उत्सव त्याच हवेत, अंगात स्वेटर घालून बघण्यात वेगळी मजा आहे.

"उन्हाळ्यात मात्र जाऊच नये," जोशीकाका म्हणाले. काकांचा मुलगा जर्मनीत असतो, त्यामुळे तिकडच्या बातम्यांवर त्यांचं लक्ष असतं. "2023 च्या जुलैत उष्णतेची लाट आली होती. पारा 40 च्या वर. जमिनीखालच्या विजेच्या केबल तापून निकामी झाल्या, गावंच्या गावं अंधारात. पर्यटक काय आणि रहिवासी काय, सगळेच घामाघूम."

काकांच्या बोलण्याला मी आणखी एक जोड दिली. देश 316 चौरस किलोमीटरचा, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मा. लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. 2024 साली तिथे 35 लाखांहून जास्त पर्यटक आले. नदी एकही नाही. प्यायचं पाणी निम्म्याहून जास्त समुद्राचं पाणी गोडं करून मिळतं. हा भार उन्हाळ्यात एकवटला की काय होत असेल? कोमिनो या छोट्या बेटावरच्या ब्लू लगून या खाडीला तर 2025 पासून आधी नाव नोंदवून जावं लागतं. मला हे मनापासून वाटतं की आपल्याला सवड असेल तर गर्दीत आणखी दोन डोकी घालू नयेत. हिवाळ्यात गेलं की खोली स्वस्त, बसचं तिकीटसुद्धा उन्हाळ्यापेक्षा कमी, आणि दुकानदार दोन वाक्यं जास्त बोलतो.

शिवाय माल्टाचं खरं धन पाण्यात नाही, दगडात आहे. हाल साफ्लिएनी इथलं भूमिगत मंदिर घ्या, खडकात खोदलेलं, पाच हजार वर्षांहून जुनं. आतली हवा बिघडू नये म्हणून दिवसाला फक्त 80 जणांना सोडतात, एका वेळी 10. उन्हाळ्यात तिकीट मिळवायचं तर फार आधीपासून धडपड. व्हॅलेटाच्या सेंट जॉन कॅथीड्रलमध्ये काराव्हाज्जो या इटालियन चित्रकारानं 1608 साली काढलेलं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिरच्छेदाचं चित्र आहे. अख्खी भिंत व्यापणारं. त्यानं सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही कुठे, तर मानेतून सांडलेल्या रक्तात. मी गेलो तेव्हा दालनात जेमतेम पाच-सहा माणसं होती. कुणी मागून ढकललं नाही. ती सही दिसेपर्यंत, आणि दिसल्यावरही, उभं राहता आलं.

मकरंद हटला नाही. "मग ऑक्टोबरला जा. पाणीही कोमट, गर्दीही ओसरलेली."

ऑक्टोबर वाईट नाही. पण तेव्हा बेट उन्हाळ्यानं दमलेलं असतं, हिरवं व्हायला वेळ असतो. पोहायचंच असेल तर ऑक्टोबर, बघायचं-चालायचं असेल तर फेब्रुवारी. दिलीप आणि वहिनी दोघंही न पोहणारे.

मग मकरंदनंच मला दिलीपला थंडीचं सांगायला लावलं, आणि बरं झालं. बाहेरच्यापेक्षा घरातली थंडी जास्त बोचते. तिथली घरं चुनखडीची, उन्हाळ्यात गार राहावीत म्हणून जाड भिंतींची. मध्यवर्ती हीटिंग बहुतेक ठिकाणी नसतं. रात्री फरशीवर पाय ठेववत नाही, अंथरूण दमट लागतं. ईशान्येचा वारा सुटला तर दोन दिवस थांबत नाही. 8 मार्च 2017 ला तर एका वादळात शेजारच्या गोझो बेटावरची प्रसिद्ध दगडी कमान समुद्रात कोसळली. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टच्या वस्त्यांत निम्मी हॉटेलं बंद दिसतात, म्हणून राहायचं ते व्हॅलेटात. सकाळी बाहेर पडलं की गरम पास्तिझी घ्यायची, रिकोटा चीजची किंवा वाटाण्याची, पातळ पापुद्रे अंगावर सांडत खायची.

दिलीपनं मोबाइलमध्ये तारखा बघायला घेतल्या. आठ ते पंधरा, म्हणजे दहा तारीख सापडते.

"हॉटेलला मेल टाकशील तेव्हा खोलीत हीटर आहे का ते आधी विचार," मी म्हटलं.

"आणि गोझो शेवटच्या दिवशी ठेवू नकोस," मकरंद म्हणाला. "वारा सुटला आणि फेरी बंद पडली तर विमान चुकेल. पहिल्या दोन-तीन दिवसांत उरकून घे."